शुक्रवारी रचलेली गढी

माझ्या भाचीने निवडलेला किल्ला आता जागेवर नाही. शाळेने सांगितलंच तसं होतं: इंग्लंडातला नॉर्मन काळातला असा एक किल्ला शोधा जो आज दिसत नाही, आणि तो कसा उभा राहिला, कसा गेला ते लिहा. भाची बारा वर्षांची. कुवेतमधल्या हवल्लीतच वाढलेली, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत जाणारी, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिच्या बाईंनी तिला उत्खननाच्या एका जुन्या अहवालाची आठ पानं दिली होती. ती तिने माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "माऊ, इट्स जस्ट मड. आणि ते पण गेलं."

मी तिची मावशी. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून इथे आले. राई नावाच्या भागातल्या एका गोदामाच्या ऑफिसात कागदपत्रं लावायची नोकरी करते आणि ताईकडे राहते. आमचे वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली, आठव्या वर्षी त्यांची प्रुफं तपासायला लागले. 'शेपू' लिहिताना मी चुकायचे, पण 'शोषण' कधी चुकलं नाही. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत शत्रू, आणि शेवटी 'आपण सगळे'. मी अजून तशीच लिहिते आणि तशीच भांडते. ताई म्हणते, "तू कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानात दही घ्यायला गेलीस तरी मागण्यांचं निवेदन देऊन येतेस."

दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. इथलं मराठी मंडळ दरवर्षी मुलांसाठी किल्ल्यांची स्पर्धा घेतं. रुमैथियात एका सभासदांचा व्हिला आहे, त्याच्या मागच्या अंगणात प्रत्येक मुलाला चार फूट बाय चार फूट जागा आखून मिळते. शुक्रवारी सकाळी बांधायला सुरुवात, संध्याकाळी परीक्षक. मावळे, तोफा, गवळण, विहिरीवरची बाई, सगळं सामान पुण्या-मुंबईहून मोज्यांत गुंडाळून हँडबॅगेतून येतं.

भाचीने जेवताना जाहीर केलं की यंदा ती नॉर्मन किल्ला करणार. शाळेचं मॉडेल आणि दिवाळीचा किल्ला एकाच कष्टात.

भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, पुण्याचे. पेट्रोकेमिकलच्या प्लँटवर सिव्हिलचं काम बघतात. त्यांनी घास तसाच धरून ठेवला. "नॉर्मन? दिवाळीत? मग मावळे कुठे बसवणार?"

"दे हॅड नाइट्स, बाबा."

"आणि आकाशकंदील कुठे लावणार, नाइटच्या भाल्याला?"

मी लगेच भाचीची बाजू घेतली. किल्ला म्हटलं की माझ्या अंगात येतं. आमच्या घरच्या पत्रकांवर कोपऱ्यात एक बुरूज छापलेला असायचा आणि त्यावर झेंडा. किल्ला म्हणजे आपला, किल्ला म्हणजे जुलमाच्या विरुद्ध उभा राहिलेला. तो नॉर्मन असला म्हणून काय झालं, असं मला खरंच वाटत होतं.

त्या रात्री मी अहवाल वाचला आणि दुसऱ्या पानावरच अडखळले.

हा किल्ला दगडाचा नव्हताच. आपल्याकडे ज्याला गढी म्हणतात तसा. मधे मातीची उंच टेकाडासारखी रास, तिच्यावर लाकडी बुरूज, पायथ्याशी कुंपण घातलेलं मोठं अंगण आणि सगळ्याला वेढून खंदक. अकराव्या शतकात समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा मुलूख ताब्यात ठेवायला त्यांनी अशा शेकडो गढ्या उभ्या केल्या. दगड घडवायला वर्षं लागतात, माती मात्र लगेच उपसता येते. खंदक खणायचा आणि त्याचीच माती मधे रचायची. खणणारे कोण? त्याच गावातले लोक, जे नुकतेच हरले होते. त्यांच्यावर नजर ठेवायला जो ढीग उभा राहणार होता, तो त्यांच्याच पाट्यांनी रचला गेला.

इतकं तर शाळेच्या पुस्तकातही होतं. पण पाचव्या पानावर एक काळा-पांढरा फोटो होता. टेकाडाचा शेवटचा भाग कार पार्कसाठी काढून टाकण्याआधी तिथे उत्खनन झालं होतं. ढिगाच्या तळाशी, अगदी मूळ जमिनीवर, समांतर रेघा दिसत होत्या. खाली लिहिलं होतं की या नांगराच्या रेघा आहेत. कोणाच्या तरी नांगरून ठेवलेल्या शेतावर गढीची माती ओतली होती, आणि त्या वजनाखाली ते शेत जसंच्या तसं राहिलं होतं. पेरणीआधीचं. शेजारी एका चुलीची भाजलेली माती.

मी तो फोटो बघत बसले. मला धक्का कशाचा बसला ते नीट सांगते. जुलूम मला नवा नव्हता, तो मी पत्रकांतून पाठ केला होता. पण किल्ला चुकीच्या बाजूला असू शकतो, हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. आणि मग ओघानेच पुढचा प्रश्न आला, जो मी घरी कधी विचारला नव्हता आणि वडिलांनीही नाही: आपल्या गडांचे दगड ज्यांनी डोक्यावरून वर नेले, ते कोण होते? त्यांच्या पाठीबद्दल एकाही पत्रकात एक ओळ नव्हती.

गढीचा पुढचा इतिहास चार ओळींचा. ज्या सरदाराने ती बांधून घेतली त्याचं नाव कागदात एकदाच येतं. दोन पिढ्यांत गरज संपली, लाकडं कुजली. टेकाडावर पुढे कोणी ससे पाळले, कोणी पवनचक्की बसवली. मग लोक बागेसाठी माती न्यायला लागले. माझ्या आजोळीही गढीची पांढरी माती लोक बैलगाडीने धाब्याच्या छपरांवर घालायला नेत, ते मी लहानपणी पाहिलंय. तिकडे अर्धं टेकाड रस्त्यात गेलं, उरलेलं घरांच्या वसाहतीत आणि शेवटी त्या कार पार्कमध्ये. आता कोरड्या उन्हाळ्यात विमानातून पाहिलं तर खंदकाच्या जागेवर परसबागांमधून गवताची एक गोल हिरवी रेघ दिसते म्हणे. बाकी काही नाही.

सकाळी मी भाचीला सांगितलं, "तुझ्या किल्ल्यावर सरदार बसणार नाही. माती वाहणारे दिसले पाहिजेत. आणि पाटी मी लिहिणार."

"माऊ, इट्स माय प्रोजेक्ट."

"इंग्रजी तुझं. मराठी पाटी माझी."

आता प्रश्न मातीचा. कुवेतची वाळू कोरडी पीठ, हातात धरली की निसटते. इथे बहुतेकांचे किल्ले थर्माकोल आणि गोणपाटाचे असतात, वरून गेरू. पण आम्हाला खरा मातीचा ढीग हवा होता. राईच्या नर्सऱ्यांमधून कुंड्यांची माती पोत्यांनी मिळते, पण ती अंगणात टाकून, भिजवून, ठोकून कोण रचणार? भाची बारा वर्षांची, मला फावडं धरता येत नाही, ताईची कंबर दुखते.

"माझ्याकडे माणूस आहे," भाऊजी म्हणाले. "आमच्या साइटवरचा गवंडी. कोकणातला आहे. हात सोन्याचा."

"मग बोलवा त्याला," मी म्हणाले. हे वाक्य माझं आहे. ते मी विसरू शकत नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला तो कंपनीच्या पिकअपमधून रुमैथियाला आला. तिशी ओलांडलेला, देवगडकडचा, अंगात इस्त्रीचा शर्ट, सुट्टीच्या दिवशी घालतात तसा. तो त्याने काढून घडी करून भिंतीवर ठेवला. मी त्याला दादा म्हणाले. त्याने पोत्यातली माती मुठीत घेतली, दाबली, सोडली.

"ही माती न्हय ताई. ह्यो भुसो. ह्येचो ढीग ऱ्हवाचो नाय."

"मग?"

"वायंच सिमेंटची भुकटी घालूया. आणि खाली खडी होई. मगे थरावर थर. बायलांच्या पुरणपोळीसारखा न्हय, आमच्या बांधावरच्या दगडी गडग्यासारखा."

भाची त्याच्या शेजारी उकिडवी बसली. त्याची मालवणी तिला अर्धीच कळत होती आणि तिचं इंग्रजी त्याला तेवढंच, पण दोघांचं बरं जमलं. तिने त्याला चित्रं दाखवली. मी अहवाल मराठीत सांगत होते. मोठ्या आवाजात सांगत होते, शेजारच्या चौकोनांतल्या लोकांनाही ऐकू जाईल असा. गाव हरलं, सरदार आला, लोकांना खणायला लावलं.

"किती दिसांत?" त्याने विचारलं.

"काही गढ्या आठवड्या-दीड आठवड्यात उभ्या केल्या म्हणतात."

त्याने चित्रातल्या ढिगाची उंची बोटाने मापली, बाजूच्या माणसाच्या चित्राशी ताडून पाहिली. "मगे माणसा मेली आसतली," तो म्हणाला. हे तो बांधकामातला हिशोब सांगावा तसं म्हणाला आणि परत खडी पसरायला लागला.

मग भाचीने त्याला पाचव्या पानावरचा फोटो दाखवला. त्याने हात पुसले आणि कागद जवळ घेतला.

"ह्यां काय? नांगरल्याला?"

"हो. खाली शेत होतं. त्याच्यावर ढीग टाकला."

"मगे आधी शेत करूक होया."

"ते ढिगाखाली जाणार, दादा. कोणालाच दिसणार नाही."

"माका दिसतला," तो म्हणाला. त्याने भाचीच्या केसांतला प्लास्टिकचा कंगवा मागून घेतला, ओल्या मातीचा पातळ थर दिला आणि त्यावर एका सरळ रेषेत कंगवा ओढला. मग शेजारी दुसरी ओढ. शेवटी बैल वळतो तिथे रेघ थोडी वाकवली. भाची गुडघ्यांवर पुढे सरकून बघत होती.

दहाच्या सुमारास तो चहाला थांबला तेव्हा त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. एक लहान मुलगी, कपाळावर काजळाचा ठिपका, उंबरा धरून उभी.

"चौदा महिन्यांची झाली. मी अजून बघूक नाय."

"म्हणजे? कधीच?"

"ती जल्माक इली तेव्हा मी हंय. गेल्या गणपतीक रजा गावली नाय. आता अर्ज केलंय, एकवीस दिसांचो. सायबांकडे आसा, सही रवली हा." फोटो त्याने बंद केला. "फोनवर माका बघून रडता. मिशी बघून."

मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. आणि मग मी परत पाटी लिहायला बसले.

दुपारी मंडळाचं जेवण होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. भाऊजींनी स्वतः दादाचं ताट वाढून नेलं, दोन वाट्या श्रीखंड. ते तसे चांगले आहेत, हे मला इथे लिहायलाच हवं. माझ्या शेजारी बसून ते म्हणाले, "बघितलंस काम? त्याचा रजेचा अर्ज आहे माझ्याकडे. प्लँटचं दुरुस्तीचं शटडाउन तोंडावर आलंय, पण बघतो काहीतरी."

मी ते ऐकलं आणि माझी पाटी वाचून दाखवली. भाऊजी म्हणाले, "जरा जहाल आहे. पण तू आहेसच तशी."

चारच्या सुमारास गढी पूर्ण झाली. चार फुटांच्या चौकोनात ती इतकी खरी दिसत होती की बाकीच्या मुलांचे बाप येऊन बघून जात होते. ओल्या मातीची गुळगुळीत रास, आइस्क्रीमच्या काड्यांचा बुरूज, भोवती खंदक. बुरुजावर कोणी नाही. उतारावर मात्र पंधरा-वीस माणसं, भाचीने पिठाच्या गोळ्यांची केलेली, डोक्यावर मातीच्या पाट्या. समोर माझी पाटी: "ही गढी कोणाची? सरदाराचं नाव इतिहासात आहे. माती वाहणाऱ्यांचं नाव कुठे आहे? हजार वर्षं आपण चुकीच्या माणसाला विचारत आहोत. माती वाहणाऱ्याला विचारा."

परीक्षक दोन होते. एक मंडळाचे ज्येष्ठ सभासद, दुसरे सुट्टीवर आलेले पुण्याचे गृहस्थ, ज्यांनी बरेच गड पायी पाहिले होते. पुण्याच्या गृहस्थांनी पाटी दोनदा वाचली. "मावळे नाहीत, महाराज नाहीत," ते म्हणाले, "पण विचार आहे. चांगला विचार आहे. फक्त बाळ, माती वाहणाऱ्याला आता कसं विचारायचं? ते जाऊन हजार वर्षं झाली."

भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कुठलीही हुशारी नव्हती. तिला खरोखर वाटलं की त्यांना माहीत नाही. तिने मराठीतच उत्तर दिलं, "ते काय तिकडे बसलेत."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळच्या भिंतीच्या सावलीत, नऊ माणसं ओळीने बसली होती. कागदी कपातून चहा पीत होती. दादा त्यांच्यात होता. अंगणात नऊ चौकोन होते. प्रत्येक चौकोनातल्या मुलाचा बाप कुठल्या ना कुठल्या साइटवर इंजिनिअर, आणि प्रत्येक बापाकडे 'माणूस' होता. सुतार, गवंडी, रंगारी. आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी ते सकाळी साडेसहापासून आमच्या मुलांचे किल्ले बांधत होते. मी दिवसभर त्यांच्यामधून चालत होते. त्यांच्या डोक्यावरून पोती जाताना मी बाजूला सरकले होते, "जरा जपून" म्हणाले होते. आणि एकदाही मला ते दिसले नव्हते.

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि लाज वाटली की मी काय करते? मी बोलते. शत्रू शोधते आणि बोलते.

"बरोबर आहे तिचं," मी म्हणाले. माझा आवाज फार मोठा झाला होता. "विचारा त्यांना. यांच्यापैकी कोण नाही म्हणू शकला असता? हे दादा आज इथे का आहेत? त्यांची मुलगी चौदा महिन्यांची आहे, त्यांनी तिला पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या रजेचा अर्ज आमच्या भाऊजींच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. अशा वेळी कोणता माणूस साहेबाला नाही म्हणेल? हजार वर्षांत बदललं काय?"

ताईने खाली पाहिलं. भाऊजींच्या हातात पाण्याची बाटली होती, ती ते उगाच उघडत आणि बंद करत राहिले. भिंतीजवळचे नऊ जण उठून उभे राहिले होते. मला वाटलं होतं, मी त्यांच्यासाठी बोलले. मग मी दादाचा चेहरा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते महत्त्वाचंही नाही.

घरी आल्यावर भाऊजींनी आधी भाचीला आत पाठवलं. मग म्हणाले, "मी जबरदस्ती केली का त्याला?"

"नाही."

"विचारलं. तो हो म्हणाला. जेवण दिलं, पिकअप दिली."

"नाही म्हणाला असता तर?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "नाही म्हणाला असता तर मला राग आला असता. थोडा. ते मी कबूल करतो." आणि मग, "पण मी रविवारी सही करणार होतो. खरंच करणार होतो. आता कशी करू सांग. सगळ्या मंडळासमोर तू सांगितलंस की मी रजेच्या बदल्यात घरची कामं करून घेतो. आता मी सही केली की ते सिद्ध झालं. नाही केली की मी सूड घेतला. मी तो अर्ज वर पाठवून देतो, प्रोजेक्ट मॅनेजरकडे. माझा संबंध नको."

"तो मॅनेजर त्याला ओळखतो?"

"तो कोणालाच ओळखत नाही. शटडाउन संपेपर्यंत रजा नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर आहे. म्हणजे तीन महिने."

मी पलंगावर बसले. तीन महिने म्हणजे ती मुलगी सतरा महिन्यांची. ते तीन महिने माझ्या चार वाक्यांनी खाल्ले होते. सत्य बोलल्याने असं होऊ शकतं, हे आमच्या घरात मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे सत्य बोललं की टाळ्या पडायच्या, क्वचित लाठी पडायची. पण ज्याच्यासाठी बोललो त्याच्याच पाठीवर ती लाठी पडते, हे कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी दादाला फोन केला. मला वाटलं उचलणार नाही. त्याने उचलला आणि हवल्लीतल्या एका चहाच्या टपरीवर भेटायला आला. मी माफी मागायला सुरुवात केली. मी ती रात्रभर मनात लिहिली होती. त्याने हात वर केला.

"ताई, एक इचारू? तुमी त्या दिवशी येवढा बोललात. माझ्या चेडवाचा सांगितलात, रजेचा सांगितलात. बोलण्याआधी माका इचारलात?"

"नाही."

"सायबांनी तरी इचारलानी. 'येशील का' म्हणान. तुमी तां पण नाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी मला वागता येतं.

"आमच्या कामगार कँपात माका सगळे हसतत," तो म्हणाला. "म्हणतत, तुझी लीडरीण खंय गेली? आणि दोघांक त्येंच्या सायबांनी फोन करूचा बंद केल्यानी. एक म्हणता बरां झाला, शुक्रवार गावलो. दुसरो म्हणता, माझ्या पोरग्याच्या नोकरीची शिफारस होती, ती गेली."

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. मी विचारलं, "मी काय करू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तेवढंच करते."

त्याने खिशातून एक कोरा कागद काढला, चार घड्यांचा. "मॅनेजराक इंग्रजीतून अर्ज होयो. ऑफिसात लिवन देणारो आसा, पण तो सगळ्यांक तेच लिवता. तुमी लिवा."

मी लिहिलं. पानभर लिहिलं. मानवी हक्क, कुटुंबापासूनची ताटातूट, बापाचं कर्तव्य, प्रामाणिक सेवेची वर्षं. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "आता मराठीत वाचा."

मी वाचलं. पहिल्या वाक्याला त्याने मान हलवली. "ह्यां काढा."

"का?"

"ह्यां वाचून तो म्हणतलो, ह्येका कोणीतरी शिकवल्यानी."

दुसरं वाचलं. "ह्यांय काढा. मी असा बोलणंय नाय." तिसरं, चौथं. मी प्रत्येक वाक्यासाठी थोडी भांडले, आणि प्रत्येक वेळी हरले. एका ठिकाणी मी लिहिलं होतं की रजा न मिळणं हा अन्याय आहे. तो त्या शब्दावर थांबला. "आसा खरा," म्हणाला. "पण काढा." शेवटी जे उरलं ते तीन वाक्यांचं होतं. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. मी तिला अजून पाहिलेलं नाही. शटडाउनचं माझं काम दुसरा गवंडी सांभाळेल, त्याने होकार दिला आहे, त्याची सही खाली आहे.

"हा दुसरा गवंडी कोण?"

"माझ्या खोलीतलो. त्याका मी इचारलंय." तो जरा हसला. त्या दिवसातलं पहिलंच हसू.

मी स्वच्छ अक्षरात ती तीन वाक्यं उतरवली. माझं नाव कुठेच नव्हतं. आयुष्यात मी लिहिलेलं हे सगळ्यात लहान लिखाण होतं.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. भाऊजींनीच सांगितलं, बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता. "मॅनेजरने दिली रजा. एकवीसची बारा केली. मला विचारलं होतं त्याने, कामाला कसा आहे म्हणून. मी खरं तेच सांगितलं." मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "माझे नको मानूस. मी आता कोणाला शुक्रवारी बोलवत नाही. ते बरोबर की चूक, तेही मला कळेनासं झालंय." आणि आत गेले. आमच्यात अजून तसंच आहे, जपून बोलणारं.

मी लगेच दादाला फोन केला. त्याला आधीच कळलं होतं. मागे कँपातला गोंगाट ऐकू येत होता, कोणीतरी भांडी घासत होतं.

"बारा मिळाले," मी म्हणाले.

"होय. बारा बरे." मग तो मोजत असावा. "येक दीस जाऊक, येक येऊक. दहा उरले."



"ताई," तो म्हणाला, "तुमी शिकलेल्या. दहा दिसांत ल्हान पोर वळख धरता काय?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, घरच्यांनी मला तशीच वाढवली. हो म्हणायचा मला अधिकार नव्हता, नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "मला माहीत नाही, दादा."

"बरां," तो म्हणाला. "मी मिशी काढून जातंय."